सातवी शेपटी

त्या दिवशी सकाळी एरल पेनगेलीची तक्रार एकच होती, की कात्रीला धार राहिलेली नाही. गेल्या वर्षी होती, असं त्याचं म्हणणं. म्हणजे मधल्या काळात घरातल्या कुणीतरी त्या कात्रीनं कागद कापले असणार. घरात तो एकटाच राहत होता. त्याची मुलगी मेरिन आदल्या संध्याकाळी मेलबर्नहून आली होती. थर्मासमध्ये चहा भरता भरता तिनं विचारलं, की वर्षातून दोनदा येणारं माणूस असे किती कागद कापणार.

"पुस्तकवाल्यांचा काय भरवसा," एरल म्हणाला, आणि कात्री पँटला घासून त्यानं खिशात टाकली. मेरिन शाळेत ग्रंथपाल होती, आणि गेली वीस वर्षं घरातल्या प्रत्येक हरवलेल्या वस्तूचा आळ पुस्तकांवर यायचा.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. ऑस्ट्रेलियात एप्रिल म्हणजे शरद, गिप्सलँडच्या त्या टेकड्यांवर तेव्हा धुकं नऊ वाजेपर्यंत हलत नाही, आणि एरलला तर आठलाच काम सुरू करायचं असायचं, त्यामुळे दरवर्षी हा दिवस निम्मा चाचपडतच सुरू व्हायचा. चौतीस गाई. तांबड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या. धुक्यातून आधी नुसती तोंडंच पुढं यायची. मागं त्यांची आठ महिन्यांची वासरं. वासरं तरी कसली, आईला ढुशा देऊन उचलायला बघणारे दांडगोबे झाले होते. या एका दिवसात दोन कामं उरकायची. वासरं आयांच्या अंगावरून तोडायची, आणि गाई तपासून घ्यायच्या. गाभण ती राहील, रिकामी ती जाईल.

"रिकामी गाय दोघींचं गवत खाते आणि वर तोंड करून आणखी मागते," हे एरलचं वाक्य मेरिन जाणती व्हायच्या आधीपासून ऐकत आली होती. गाईंना नावं द्यायची नाहीत, कानातला नंबर पुरे, हेही त्याचंच. नाव असलेली गाय ट्रकात चढवताना माणूस उगाच घसा खाकरत बसतो, म्हणायचा. अख्ख्या कळपात नाव असलेली एकच गाय होती, पुडिंग. ते नाव काही त्यानं दिलेलं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी मेरिननं दिलं होतं.

गुरांचा डॉक्टर टोबी आला तो खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा चढवतच. तिशीचा माणूस, पण चेहरा कोवळा. एरल त्याला दरवर्षी विचारायचा, शाळा सुटली का रे. एकेक गाय अरुंद बोळातून पुढं यायची, मेरिन लोखंडी खोड्याचा दांडा ओढून तिची मान अडकवायची, टोबी मागून हात घालायचा, डोळे मिटायचा आणि मोठ्यानं सांगायचा, "पाच महिने." "साडेचार." "पाच." रिकामी निघाली की एरल तिच्या शेपटीचा गोंडा कात्रीनं आडवा, सरळ रेषेत कापून टाकायचा. त्या टेकड्यांवरची ही जुनी रीत. मग गाय पुन्हा कळपात मिसळली तरी बिघडत नाही. पुढच्या आठवड्यात ट्रक येतो तेव्हा आखूड झाडूसारखी ती शेपटी लांबूनही ओळखू येते, नंबर वाचायला जवळ जावं लागत नाही.

काम करताना बापलेक फारसं बोलायचे नाहीत. मेरिनचा हात दांड्यावर, एरलचा गाईच्या पाठीवर, आणि दोन्ही एकाच क्षणी हलायचे. टोबी म्हणाला, तुम्ही दोघं सर्कशीत नाव काढाल. एरल म्हणाला, तिथं जेवण बरं देत असतील तर बघू.

टोबीनं "रिकामी" सात वेळा म्हटलं. मेरिन मोजत नव्हती, पण काही गोष्टी आपोआप मोजल्या जातात. सहाव्या वेळी खोड्यात पुडिंग होती. एरलनं कात्री काढली, धारेबद्दल पुन्हा काहीतरी पुटपुटला, पुडिंगच्या पाठीवर शेपटाच्या मुळाशी थोडं खाजवलं आणि म्हणाला, "सोड गं." मेरिननं दांडा सोडला. पुडिंग लग्नाला आलेल्या विहिणीसारखी सावकाश बाहेर पडली. तिची शेपटी जमिनीला टेकायची ती टेकतच होती.

बाबाला ऐकू आलं नाही, मेरिनच्या मनात आलं. डाव्या कानातलं यंत्र तो गुरांत काम करताना काढून ठेवायचा. एकदा शेणात पडलेलं शोधायला दीड तास गेला होता. रात्री सांगू, असं तिनं ठरवलं.

संध्याकाळपासून हंबरणं सुरू झालं. एरल वासरं कुठं लांब नेत नसे. घरामागच्या आवारात ठेवायचा, आणि कुंपणाच्या पलीकडे आया. दूध बंद, भेट चालू. शेजारपाजारचे वासरं ट्रकानं दुसऱ्या टोकाला नेऊन टाकत आणि याला हसत, कारण या पद्धतीत घरमालकाची झोप जाते. आया आणि त्यांची लेकरं नाकाला नाक लावून उभी राहायची आणि एकमेकांच्या तोंडावर ओरडायची. "तिसऱ्या दिवशी आया कंटाळतात," एरल म्हणायचा, "पाचव्या दिवशी पोरं विसरतात. पण त्यांना वाटतं आपणच सोडलं. कुणी ओढून नेलं असं वाटत नाही."

जेवायला गार मटण, बीटचं लोणचं आणि पाव होता. मेरिननं त्याच्या कपात चहा ओतला. मोठ्यानं बोलल्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं, म्हणून शेपटीचं तिनं सकाळवर टाकलं. एरलनं वरच्या माळावरच्या हौदाचा व्हॉल्व्ह गळतोय, तो उद्या बघायला हवा असं सांगितलं. मग उजव्या कानातलंही यंत्र काढून बशीत ठेवलं, आणि खिडकीकडे बघून हसला.

"आता ओरडा म्हणावं काय ओरडायचं ते."

दुसऱ्या दिवशी तो न्याहारीच्या आधीच वर गेला. नऊ वाजले तरी आला नाही, तेव्हा मेरिन गेली. तो हौदाला टेकून बसला होता, पाना मांडीवर, टोपी डोळ्यांवर ओढलेली. व्हॉल्व्ह बदलून झाला होता आणि हौद काठोकाठ भरत आला होता. टोबी सांगतो तसं कुणीतरी डोळे मिटून नक्की काय ते सांगावं असं तिला वाटलं, पण तिथं कुणी नव्हतं. तिनं टोपी वर केली, पुन्हा होती तशी केली, आणि त्याच्या शेजारी बसली. खालून हंबरण्याचा आवाज येत होता.

अंत्यविधी शनिवारी झाला. माणसं घरी आली ती केक आणि झाकलेली भांडी घेऊन. गाई कंटाळल्या होत्या, पण वासरांचा पाचवा दिवस अजून संपायचा होता, त्यामुळे पाद्री घरी येऊन दोन शब्द बोलला तेही त्याला ओरडूनच बोलावं लागलं. डॉट कॅव्हनाह म्हणाली की एरलनं मुद्दामच हा आठवडा निवडला असणार, स्वतःबद्दल चांगलं ऐकायला लागू नये म्हणून. डॉट पलीकडच्या टेकडीवरची. पंचाहत्तरीची विधवा, जिभेला हाड नसलेली, आणि गेली चाळीस वर्षं एरलशी एका बांधाच्या कुंपणावरून भांडत आलेली. हसता हसता तिनं तोंड वळवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन न घासलेले कप घासू लागली.

सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं की मेरिन कळप विकणार. दलालानं फोन करून सांगितलं, रिकाम्या गाई मंगळवारी ठरल्याप्रमाणं जाऊ देत. उरलेल्या गाभण गाई एकगठ्ठा घेणारा एक माणूस आहे, मे महिन्याअखेर नेईल. मेरिन ठीक आहे म्हणाली. नाही म्हणायला कारण लागतं, आणि तिच्याकडे जे कारण होतं ते तिनं कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

चौदा वर्षांपूर्वी, लग्न मोडल्यावर, ती इथं येऊन सात महिने राहिली होती. त्या ऑगस्टमध्ये एक गाय विताना गेली. मागं राहिलेलं वासरू एरलनं कोटात गुंडाळून आणलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. पहिले चार दिवस ते चुलीसमोरच्या पोत्यावर होतं. दर चार तासांनी बाटली, रात्रीसुद्धा. महिनाभरानं त्यानं ओट्यावरचं पावाचं पुडिंग भांड्यासकट संपवलं आणि नाव मिळवलं. त्या सात महिन्यांत मेरिन गाय अडवायला शिकली, कुंपण ओढायला शिकली, आणि एक दिवस सकाळी बादली घेऊन चढ चढताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला इथून कुठं जायचं नाही. ते बाबानं विचारावं म्हणून ती पुरता महिना थांबली. जानेवारीत शाळा उघडायची वेळ आली. फाटकापाशी गाडीत सामान भरून झाल्यावर एरल कुंपणाची तार बोटानं वाजवत म्हणाला, "इथं दोघांपुरतं गवत नाही, पोरी. तुझी जागा तिकडं आहे."

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि गेली. तिला मूलबाळ नव्हतं, संसार नव्हता, आणि रिकामी ती जाईल हा बाबाचा नियम तिला तोंडपाठ होता. राग असा तिनं धरला नाही. दर एप्रिलला, दर ऑगस्टला ती येत राहिली, आणि दोघांनी त्या फाटकाचं नाव पुन्हा कधी काढलं नाही.

मंगळवारी सकाळी लवकर तिनं गाई आवारात घेतल्या. आखूड शेपट्यांच्या सहा निघाल्या. पुडिंग आपल्या लांब शेपटीनं माश्या वारत उभी होती. चौदा वर्षांची गाय, म्हणजे गाईत म्हातारी. दात झिजलेले, पाठ खाली आलेली, आणि टोबी म्हणाला तशी रिकामी. मेरिननं बराच वेळ तिच्याकडे बघितलं. बाबाला ऐकू आलं नसेल, पण मला आलं होतं, तिनं मनाशी म्हटलं. त्याचं बाकी काही आपल्याला चालवता येणार नाही. निदान त्याचा नियम शेवटच्या खेपेला तरी चुकू नये. तिनं पुडिंगला खोड्यात घेतलं, एरलच्या कोटाच्या खिशातून कात्री काढली आणि गोंडा कापला. कात्रीला खरंच धार नव्हती. तीन वेळा चालवावी लागली. पुडिंगनं एकदाच मागं वळून बघितलं, खायला काही आणलंय का म्हणून.

रॉडो ट्रक घेऊन आला. मोठ्या पोटाचा, हळव्या आवाजाचा माणूस. त्यानं एरलसाठी दोन शब्द बोलायचे म्हणून टोपी काढली, मग शब्द सुचले नाहीत म्हणून पुन्हा घातली. डॉट मदतीला काठी घेऊन आली होती. पहिल्या पाच गाई फळीवरून वर गेल्या. सहावी अडली, तिला डॉटनं शिवी दिली, तीही गेली. सातवी बोळात आली तशी डॉटनं काठी आडवी धरली.

"हिची शेपटी कुणी कापली?"

"मी," मेरिन म्हणाली. "टोबीनं रिकामी सांगितली होती. बाबाला ऐकू गेलं नाही."

"ऐकू गेलं नाही." डॉट तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, त्याला चार वर्षं ऐकू जात नाहीये. चार वर्षं ही म्हातारी रिकामी निघते, चार वर्षं तो कात्रीला धार नाही म्हणतो. टोबीला विचार. टोबी तिचा नंबर आला की एरवी ओठातल्या ओठात पुटपुटतो आणि दुसरीकडे बघायला लागतो; यंदा चुकून मोठ्यानं बोलला असेल."

 ट्रकावरून रॉडोनं विचारलं की किती वेळ, आतल्या गाई एकमेकींना तुडवतात. डॉटनं त्याला गप्प बसायला सांगितलं.

"मी म्हटलं त्याला, एरल, तू जगाला नियम शिकवतोस आणि ही बिनदाताची गवत खाऊन राहिलीय. तर म्हणतो कसा, ती माझी नाही. पोरीनं ठेवायला दिलीय, तिला विचारल्याशिवाय कशी पाठवू? म्हटलं, मग विचार की. फोन आहे ना घरात? तर म्हणे, विचारलं आणि ती पाठव म्हणाली तर?"

डॉटनं नाक ओढलं. तिला एवढं बोलून थांबता आलं असतं, पण थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"आणि आता ऐकतेच आहेस तर ऐक. त्या वर्षी तू जायच्या आधी तो माझ्याकडे आला होता. शेडच्या मागं दोन खोल्या काढायच्या म्हणे, वेगळी पाण्याची टाकी बसवायची, माझ्या खालच्या माळाचं गवत भाड्यानं देतेस का म्हणे. हो म्हटलं. विचारलं, मेरिनला सांगितलंस? तर नाही. म्हणतो, मी राहा म्हटलं तर ती माझ्यासाठी राहील. तिला स्वतःला हवं असेल तर बोलेल ती, शिकलेली आहे." तिनं काठी चिखलात रोवली. "शिकलेली. तुम्ही दोघं पेनगेली म्हणजे ना, एका हौदाच्या दोन बाजूंना तहानेनं मराल, पण आधी तू पी असंसुद्धा तोंडानं म्हणणार नाही."

मेरिननं खोड्याच्या बाजूचं फाटक उघडलं. गंजलेली कडी होती, दोन्ही हात लावावे लागले. पुडिंग त्यातून सावकाश बाहेर पडली आणि गवताकडे गेली.

"बाईंचं तिकीट रद्द?" रॉडोनं वरून विचारलं.

"रद्द," मेरिन म्हणाली.

त्याच दिवशी तिनं दलालाला फोन केला, की ऑगस्टमध्ये गाई वितात, तोवर कळप हलणार नाही. दलाल समजुतीच्या सुरात म्हणाला की दुःखात माणसानं मोठे निर्णय घेऊ नयेत. ती म्हणाली, म्हणूनच घेत नाहीये. शाळेनं तिला ऑगस्टअखेरपर्यंत रजा दिली. त्यानंतर मात्र एका ओळीचं उत्तर हवं होतं: येणार की नाही. मुख्याध्यापिकेचं पत्र तिनं फ्रिजवर लावून ठेवलं आणि रोज चहासाठी आतून दूध घेताना ते बघत राहिली.

हिवाळा ओला गेला. एरलचा रेनकोट तिला गुडघ्यांच्या खाली यायचा, त्याचे बूट दोन मोज्यांवर बरोबर बसायचे. गवताचे भारे टाकून येईपर्यंत दहा वाजत. तिच्याकडून चुका झाल्या. एक फाटक उघडं राहिलं आणि अर्धा कळप डॉटच्या भाजीच्या वाफ्यात सापडला. डॉट म्हणाली, हे कुठल्या पुस्तकात आहे ते सांग, म्हणजे ते मी जाळते. तोडलेल्या वासरांतल्या बारा कालवडी मोठ्या करायला ठेवायच्या असत; एरल त्या दोन मिनिटांत निवडायचा, तिला दोन दिवस लागले. निवडून झाल्यावर डॉट कुंपणाला टेकून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, दहा बरोबर आहेत. कुठल्या दोन चुकल्या ते मात्र सांगितलं नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गाई व्यायला लागल्या. जुन्या गाईंना कुणाची गरज नसते. सकाळी बघावं तर ओलं वासरू पायांवर डगमगत उभं, आणि आई अशा चेहऱ्यानं चरतेय की जणू ते इथंच उगवलं. मेरिन दिवसातून तीनदा फेरी मारायची, लांबूनच बघायची, परत यायची. पंधरा दिवसांत एकोणीस वासरं झाली. मग एका सकाळी, धुकं नुकतंच वर चढत होतं, पहिल्यांदाच व्यायला आलेली एक्केचाळीस नंबरची कालवड तिला कुंपणाच्या कोपऱ्यात दिसली. शेपूट वर, उठबस चालू, पाणमोट फुटलेली, आणि मागं दोन पाय बाहेर आलेले. तळव्यांचा भाग वरच्या बाजूला.

मेरिन दुर्बिणीतून पुन्हा बघत राहिली. तळवे वर म्हणजे ते मागचे पाय. वासरू उलटं येत होतं.

टोबीला फोन लावला. तो दुसऱ्या गाईत खांद्यापर्यंत अडकला होता, दीड तास लागेल म्हणाला. दीड तास नव्हता. उलट्या वासराची नाळ कंबर बाहेर येताना दाबली जाते, आणि डोकं आतच असतं. तिथून पुढं हातात मिनिटं असतात. टोबीनं फोनवरच सांगितलं, की तुला येतं हे, एरलबरोबर केलंयस. ती म्हणाली की एरलबरोबर केलंय.

कालवडीला आवारात आणून खोड्यात अडकवण्याइतका धीर तिनं धरला. हात कोपरापर्यंत साबणानं धुतले, आत घातला, वासराची टाच हाताला लागली, शेपूट लागलं. जिवंत होतं, बोटानं दाबल्यावर पाय आखडला. दोरी घोट्यांच्या वर बांधली, खाली आणखी एक फास घेतला. मग खोड्याचं दार उघडून कालवडीला गवतावर आडवी होऊ दिली, कारण एरल नेहमी तसंच करायचा: उभ्या गाईशी ओढाताण करायची नाही.

आणि इथंच तिच्या लक्षात आलं की सगळं शांत आहे. एरल असला म्हणजे अशा वेळी शांतता कधीच नसायची. एरवी दिवसाला वीस वाक्यं बोलणारा तिचा बाप अडलेल्या गाईशी अखंड बोलत सुटायचा. आवाज चढवायचा नाही, थांबायचं नाही, विषय कुठलाही चालेल. पाऊस, फुटबॉलचा संघ, पाद्र्याचे गुडघे, डॉटनं भाजलेले दगडासारखे स्कोन. माणसाचा आवाज सतत कानावर पडत राहिला की पहिलारू कालवड भिऊन मध्येच उठत नाही, आणि ओढणाऱ्याच्या हातांनाही लय सापडते. मेरिनची आई म्हणायची, मला आणखी चार मुलं झाली असती तर नवरा निदान पाच वेळा तरी माझ्याशी धड बोलला असता.

कालवडीनं मान उचलली, पुढचे पाय रोवले. उठणार होती.

"बस गं, बस," मेरिन म्हणाली. "बस. कुठं जातेस? मी आहे ना इथं." कालवड कण्हली, मेरिननं दोरीवर भार टाकला, खालच्या अंगाला. "अशी. आता थांब. दम घे. मीपण घेते." तिला विषय सुचेना. ती पावसाबद्दल बोलली. डॉटच्या वाफ्याबद्दल बोलली. कळ आली, ओढलं, कळ गेली, सैल सोडलं. टाचा बाहेर आल्या. तिनं फ्रिजवरच्या पत्राबद्दल सांगितलं, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय म्हणून. शाळेतल्या खिडकीबद्दल सांगितलं, तिथून एक भिंत दिसते. "चांगली भिंत आहे. नाव ठेवायला जागा नाही. अशी, अशी, ढकल आता." पायांना रग लागली होती, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि बोलणं थांबवून चालणार नव्हतं, तिला माहीत असलेल्या सगळ्या गोष्टी एकेक करत संपत चालल्या होत्या.

वासराची कंबर आली. आता थांबायचं नव्हतं. तिनं टाचा गवतात रोवल्या, पाठीवर पडली आणि दोरी सगळ्या अंगानिशी ओढली. बरगड्या आल्या, खांदे अडकले, सुटले, आणि वासरू गरम पाण्यासकट तिच्या पायांवर येऊन पडलं. हलत नव्हतं. तिनं त्याला मागच्या पायांनी धरून फाटकाच्या आडव्या दांड्यावर टाकलं, तोंडातला चिकटा बोटांनी काढला, नाकपुडीत गवताची काडी घातली. काही नाही. पुन्हा काडी. वासरू शिंकलं. डोकं झाडलं, पुन्हा शिंकलं, आणि बरगड्या हलू लागल्या. तिनं त्याला उतरवून आईच्या तोंडापुढं ठेवलं. कालवड दचकली, वास घेतला, आणि मग खरखरीत जिभेनं त्याला असं चाटायला लागली की ते बिचारं पुन्हा आडवं झालं.

आता बोलायची गरज उरली नव्हती. कालवडीचं मेरिनकडे लक्षही नव्हतं. पण आवाज सुरू झाला होता आणि तो तिला थांबवता येईना. ती चिखलात बसून होती, दोन्ही हात मांडीवर, बाबाचा रेनकोट रक्तानं भरलेला.

"मला जायचं नव्हतं, बाबा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. त्यानं चढवला नसता. "त्या दिवशी, फाटकापाशी. तू म्हणालास दोघांपुरतं गवत नाही, आणि मी म्हटलं बरोबर आहे. बरोबर नव्हतं. तुझ्यासाठी नव्हतं राहायचं मला. माझं मलाच राहायचं होतं. अजूनही राहायचंय."